अंगठीचं माप

शहापूरच्या एका इंग्रजी शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. फ्रिक्शनचा धडा साधारण दिवाळीनंतर येतो. काडी घासली की पेटते, केळ्याच्या सालीवरून माणूस घसरतो, चपलेच्या तळाला खाचा का असतात, असं सगळं त्यात असतं. मुलं ते इंग्रजीत पाठ करतात. मीही तसंच केलं होतं. त्याला मराठीत घर्षण म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही बसमध्ये शेजारच्या मुलीच्या पुस्तकात डोकावल्यामुळे.

माझं बऱ्याच शब्दांचं असं झालेलं आहे. आमचं घर मुरबाडच्या बाजूला, रस्त्यापासून आत. घरात आणि शेजारी ‘नाय’, ‘आमी’, ‘तुमी’ चालतं. मी लहानपणी ‘आम्ही’ म्हणाले की आळीतल्या पोरी हसायच्या, आणि ‘आमी’ म्हणाले की शाळेतल्या जास्त हसायच्या. त्यामुळे बोलण्याआधी वाक्य मनात पूर्ण जुळवून बघायची सवय लागली. ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. नातेवाइकांत माझी ख्याती ‘गरीब गाय’ अशी आहे. गाईला कुणी विचारलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. टोकावड्याच्या बाजूचं एक स्थळ आत्याने आणलं होतं. रविवारी सकाळी अकराला ते लोक येणार होते. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मला कागदपत्रं घेऊन कल्याणला जायचं होतं, कारण बी.एड.च्या शेवटच्या फेरीत माझं नाव लागलं होतं. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. फॉर्म मीच भरला होता. कागद कपाटावर, जुन्या वह्यांच्या खाली ठेवले होते. सोमवारी गेले नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं: मला दोन वर्षं बी.एड. करायचं आहे, तोपर्यंत लग्न नको. शाळेला जाता-येता शहापूर ते मुरबाड बसमध्ये आठवडाभर मी ते वाक्य मनात घोळवलं. इंग्रजीत ते सरसर यायचं. मराठीत ‘मला’पर्यंत नीट यायचं, मग गाडी थांबायची.

आदले दोन दिवस आमच्या खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. शाळेला सुट्टी म्हणून मी भारे उचलून देत होते. एरवी भेंडीसारखी लांब असणारी बोटं रविवारी सकाळी सुजून गाजरासारखी झाली होती. आई म्हणाली, “हात पदराखाली ठेव. पोरीला राबवतात म्हनतील.”

पाहुणे तिघेच आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे वडील. मुलगा आसनगावजवळ हायवेवरच्या गॅरेजात ट्रकांचे ब्रेक बसवायचा. नखांच्या कडेला काळं होतं, ते त्याने घासघासून अर्धं काढलेलं दिसत होतं. त्याची आई मोकळी, हसरी बाई होती. वडील फारसं बोलत नव्हते. त्यांनी आल्याआल्या सांगितलं की आज चार वाजून बारा मिनिटांनी अमावास्या लागते, त्याच्या आत जे काय ते व्हावं. एवढं बोलून त्यांनी शिऱ्याची बशी जवळ ओढली.

माझ्याबद्दल दोन प्रश्न विचारले गेले. दोन्हींची उत्तरं आत्याने दिली.

“नोकरी करते ना?” मुलाच्या आईने विचारलं.

“करते, पन हट्ट नाय तिचा,” आत्या म्हणाली.

“मंग वरीसभर घरी राहील का, शेताचं बघंल? पुढचं पुढं.”

“राहील की! तिला काय, तोंडातून शबूद नाय तिच्या.”

मी वाक्य जुळवत होते. ‘मला’ तयार होता.

आमच्याकडे मुलीच्या बोटाचं माप दोऱ्याने घेतात. दोरा बोटाभोवती गुंडाळायचा, गाठ मारायची आणि तो दोरा सोनाराकडे द्यायचा. हे काम होकार झाल्यावरचं. पण आत्याला होकाराची वाट बघवत नव्हती. ती दारातूनच मुलाच्या आईला ‘विहीणबाय’ म्हणत आली होती.

“विहीणबाय, मापाचं आताच करून टाकू. पुन्हा कशाला खेप मारताव?”

“अगो, पन अजून ठरलं कुठं?”

“ठरंल ओ! माप घेतल्यानं काय लगीन लागतं? आनि दोराबिरा कशाला शोधायचा. तुमचीच अंगठी घालून बघा. लगेच कलंल.”

मुलाच्या आईच्या बोटात एक जुनी, जाड अंगठी होती. ती तिच्या सासूने तिला साखरपुड्यात घातलेली. तिने ती काढली, माझा डावा हात पदराखालून बाहेर ओढला आणि बोटात घातली. अंगठी सांध्यापाशी अडली.

“जाते, जाते,” आत्या म्हणाली आणि तिने अंगठ्याने दाबली.

‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि अंगठी सांध्यापलीकडे जाऊन बसली.

“बघा! मापाची!” आत्या म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मुलाच्या आईने अंगठी परत घ्यायला हात पुढे केला. मी ओढली. अंगठी सांध्यापर्यंत आली आणि तिच्यापुढे कातडीची वळी जमली. अजून ओढली, वळी मोठी झाली. मुलाच्या आईने ओढली. आईने ओढली. आत्याने माझं मनगट गुडघ्यात धरून ओढली.

“निंगत नाय,” आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

इथे परिस्थिती समजून घ्यायला हवी. अंगठी त्या बाईंच्या साखरपुड्याची, ती इथे सोडून त्या घरी जाऊ शकत नव्हत्या. आणि सोडलीच, तर पाहुणीच्या हाताने मुलीच्या बोटात सोनं चढलं, पेढे वाटले नाहीत एवढंच, बाकी साखरपुडाच झाला. गावात संध्याकाळपर्यंत तसंच म्हटलं गेलं असतं. शिवाय चार बारानंतर तो साखरपुडा अमावास्येत पडला असता, म्हणजे झालेलाही वाईट आणि मोडलेलाही वाईट. हे सगळं मुलाच्या वडिलांनी शिरा खाताखाता तीन वाक्यांत सांगितलं. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा झाले होते.

“पुष्कल टाइम हाय,” बाबा म्हणाले. पाहुण्यांना धीर देण्याचा बाबांचा हाच सूर असतो, पावसात छप्पर उडालं तेव्हाही हाच होता.

आधी कपड्यांचा साबण झाला. मग खोबरेल. मग तूप, कारण आई म्हणाली की तूप आत मुरतं. मग माठातलं गार पाणी. दर खेपेला बोट थोडं जास्त लाल आणि थोडं जास्त जाड होत होतं.

यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. आई तेल लावून आत गेली की तो मुलगा खिशातून फडकं काढायचा आणि माझं बोट पुसून कोरडं करायचा. चेहऱ्यावर काही नाही, अगदी मन लावून, कडेकडेने. आई परत यायची, “तेल कुठं गेलं?” म्हणायची आणि पुन्हा लावायची. तिसऱ्या वेळी त्याच्या आईने पाहिलं.

“अरे ए! काय करतोस?”

तो दचकला. “ब्रेकच्या लायनरला तेल लागलं की ब्रेक लागत नाय ना,” तो म्हणाला. “हाताला सवय झाली.”

“ती गाडी हाय का रे?”

“नाय,” तो म्हणाला आणि फडकं खिशात ठेवलं. दोन मिनिटांनी पुन्हा काढलं.

मग आत्याला आठवलं की सूज उतरायला हात वर धरायचा असतो. तिने मला खुर्चीत बसवलं आणि डावा हात सरळ वर करायला लावला. मी तशी पाऊण तास बसले. समोर तीन पाहुणे, मध्ये चहाचे कप, आणि मी हात वर करून. माझ्या वर्गात उत्तर येत असलेली मुलगी बसते तशी. मलाही उत्तर येत होतं. प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

शेजारच्या बायका दारात जमल्या. एकीने विचारलं, “हात वर कशाला केलाय तिनं?” दुसरी म्हणाली, “शपथ घेते असंल.” तिसरीचा नवरा फॅब्रिकेशनचं काम करतो. तो कटर घेऊन येऊ का, असं ती विचारून गेली. मुलाची आई एवढ्या जोरात ‘नको’ म्हणाली की मला तिचा हेवा वाटला. किती सोपं होतं ते. दोन अक्षरं.

अडीच वाजता आईने सगळ्यांना जेवायला वाढलं, कारण आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मी उजव्या हाताने जेवले, डावा वर. मुलगा समोर बसला होता. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, “तुम्ही सायन्स शिकवता ना? मग तुम्हीच सांगा. आत गेली, तर बाहेर का येत नाही?”

सकाळपासून मला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न होता. घाईत तोंडातून जे आलं ते इंग्रजीत आलं, धड्यातलं, व्याख्येसकट. सगळे खायचे थांबले. आत्या मुलाच्या आईला कोपराने ढोसून म्हणाली, “बघा कशी फाडफाड!”

“कललं नाय,” मुलाचे वडील म्हणाले.

मग मी मराठीत सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. घर्षण दोन गोष्टींवर ठरतं. पृष्ठभाग किती खडबडीत, आणि तो किती जोराने दाबला जातोय. साबण-तेलाने पहिली गोष्ट कमी होते. इथे अडचण दुसरी आहे. आपण ओढतो तशी कातडी अंगठीपुढे गोळा होते, बोट तिथे जाड होतं आणि अंगठी अजून घट्ट दाबली जाते. म्हणजे जितकं ओढू तितकी बसते. आणि थांबलेली वस्तू जागची हलवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. एकदा हलली की मग कमी.

“हे बरोबर,” मुलगा म्हणाला. “उभा ट्रक ढकलायला सात माणसं लागतात. चालू लागला की दोघं पुरतात.” मग थोडा विचार करून म्हणाला, “म्हणजे ओढायचं नाही. कातडी दाबायची.”

“हो,” मी म्हणाले.

“कशानं?”

ते मला येत नव्हतं. पुस्तकात बोट नव्हतं.

तेव्हा बाबांना कासारीण आठवली. पलीकडच्या आळीत राहणारी, मुरबाडच्या बाजारात बांगड्या भरणारी बाई. आमच्याकडच्या सगळ्या नवरीमुलींचे हिरवे चुडे तिनेच भरलेले. बाबा मोटारसायकलवरून तिला घेऊन आले तेव्हा सव्वातीन झाले होते. तिने आत येऊन सगळ्यांकडे पाहिलं, तेल-तूप-साबणाच्या वाट्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, “पोरीला तळायची होती का?”

ती माझ्यासमोर खाली बसली. माझा हात वरून खाली घेतला आणि दोन्ही हातांत धरला. ओढला नाही. नुसता दाबून बघितला, बाजारात वांगं बघतात तसा.

“मूठ सोड.”

“सोडलीय.”

“नाय सोडलीस. इथं बघ, दगड झालाय. बांगडी भरताना मी बायांना बोलतं ठेवते. बोलनाऱ्या बाईचा हात सैल पडतो. बोल.”

“काय बोलू?”

“मीच विचारते. लगीन करायचंय का तुला या घरात?”

दारातल्या बायकांनी माना आत घातल्या. आत्या म्हणाली, “अगो, हे काय विचारनं?” कासारीण तिच्याकडे न बघता म्हणाली, “तू गप. तुझा हात नाय धरला मी.”

आठवडाभर जुळवलेलं वाक्य त्या वेळी सापडलं नाही. जे आलं ते असं: “नाही. मला उद्या कल्याणला जायचंय.”

“कल्यानला काय हाय?”

“बी.एड.ला नंबर लागलाय. दोन वर्षं. कागद कपाटावर आहेत. मला घरी नाही राहायचं. मला शिकवायचंय.”

बाबा कपाटाकडे बघायला लागले, जणू कपाटाने त्यांच्यापासून लपवलं होतं. आई उभी होती ती खाली बसली. मुलाच्या आईने कप खाली ठेवला. माझा हात सैल पडला होता, मला स्वतःला जाणवलं. आता अंगठी निघेल असं मला वाटलं. खरं सांगते, मला पक्की खात्री होती.

कासारणीने ओढून पाहिली.

नाही निघाली.

इतका अवघड अर्धा तास माझ्या आयुष्यात दुसरा नाही. मी नकार देऊन बसले होते आणि ज्यांना दिला ते उठून जाऊ शकत नव्हते. त्यांची अंगठी माझ्या बोटात होती. मुलाच्या आईला रागावायचं होतं, पण रागावून दारापर्यंत गेल्यावर परत यावं लागलं असतं. म्हणून त्या तिथेच बसून पदराने वारा घेत राहिल्या. मुलाच्या वडिलांनी विचारलं, “आता नाय म्हनलीच हाय, तर शिरा उरलाय का?” आईने त्यांना शिरा दिला.

“दोरा हाय का घरात?” कासारणीने विचारलं.

दोऱ्याचं रीळ टीव्हीखालच्या खणात होतं. सकाळपासून तिथेच होतं. आईने ते काढलं तेव्हा आत्याने दुसरीकडे बघितलं.

कासारणीने दोऱ्याचं एक टोक सुईच्या नाकाने अंगठीखालून सरकवलं. मग अंगठीपासून नखाकडे, सांध्यावरून, दोरा घट्ट गुंडाळत नेला, वेढ्याला वेढा चिकटवून. बोट पांढरं, मग जांभळं झालं.

“कातडी दाबायची,” मुलगा हळूच म्हणाला. तो खुर्ची सोडून जवळ येऊन उकिडवा बसला होता. “हेच म्हनलो होतो.”

“लाइट अडवू नको,” कासारीण म्हणाली.

मग तिने अंगठीखालचं टोक धरलं आणि नखाच्या दिशेने उलगडायला लागली. एक वेढा सुटला की अंगठी केसभर पुढे. अजून एक वेढा, अजून केसभर. सगळे वाकून बघत होते. दारातल्या बायकाही आत आल्या होत्या. मुलाची आईसुद्धा, मी तिच्या मुलाला नुकतंच नाही म्हटलेलं असूनही, माझ्या खांद्यावर हात टेकून वाकली होती आणि “आली, आली, सावकाश गो” म्हणत होती. सांध्यावर दोन मिनिटं अंगठी जागची हलली नाही. मुलाचे वडील म्हणाले, “चारला पाच कमी.” कासारणीने त्यांना सांगितलं, “घड्याल काढून ठेवा नायतर तुमच्या बोटाला दोरा लावीन.”

आणि सांधा ओलांडला. पुढे अंगठी आपोआप घसरली आणि माझ्या मांडीवर पडली.

घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनीही. नकाराला टाळ्या वाजलेलं घर आमचं एकटंच असेल.

मुलाच्या आईने अंगठी पदराने पुसली आणि बोटात घातली. तूप लागलेलं होतं, ती फिरत होती. त्या उठल्या, चपला घातल्या. मला वाटलं काही बोलतील. त्या माझं बोट बघून म्हणाल्या, “हळद लाव त्याला.” आणि मग आत्याकडे बघून, “तुमच्या ‘शबूद नाय’ला नमस्कार.”

मुलगा शेवटी निघाला. दारात थांबून म्हणाला, “शाळेत दाखवायला जुना लायनर पाहिजे का? झिजलेला. ढीग पडलाय आमच्याकडे.”

“पाहिजे,” मी म्हणाले. हा शब्द मला जुळवावा लागला नाही.

चार वाजून बारा मिनिटांनी अमावास्या लागली. तेव्हा बाबा खुर्चीवर चढून कपाटावरच्या वह्या खाली काढत होते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले. ते इंग्रजीत होते. मग त्यांनी विचारलं, “उद्या कितीची गाडी धरायची?”

“सातची.”

“मी सोडतो फाट्यापर्यंत.” मग वह्या पुन्हा रचत, “आदी सांगितलं असतंस तर?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, लांबलचक. पण बोट ठणकत होतं, आणि एका दिवसासाठी मी पुरेसं बोलले होते. मी नुसती मान हलवली. बाबांनीही हलवली.

पुढे बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी माझा सराव-पाठ फ्रिक्शनवरच होता. लायनर तोवर आला होता, बसच्या कंडक्टरच्या हाती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. चिठ्ठी नव्हती. आता तो आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. मुलं त्यावरून बोट फिरवतात आणि बोट काळं करून घेतात. त्या मुलाचं मागच्या वर्षी लग्न झालं, पत्रिका आली होती. आत्याला तरीही चैन नाही. दर सणाला ती मला बाजूला घेऊन विचारते, “खरं सांग गो, त्या लायनरचा अर्थ काय?”

मी तिला सांगते, “ब्रेक लागतो त्याने.”

तिला ते पटत नाही. वर्गात मात्र मी एक गोष्ट बदललीय. कुणी हात वर केला की धडा अर्धा सोडून आधी तिला विचारते. डोळखांबकडची एक मुलगी आहे, फार कमी बोलते, हातही खांद्याच्या वर नेत नाही, कानापाशीच धरते. परवा तिला विचारलं तर म्हणाली, “टीचर, मला उत्तर नाय येत. मला बाहेर जायचंय.”

“जा,” मी म्हणाले.